डेमलो संख्या आणि बाकीचे गणित : द. रा. कापरेकर यांच्या संख्याविचाराचे पुनर्वाचन

प्रस्तावना

मध्य रेल्वेवरील डोंबिवली स्थानकाचे नाव गणिताच्या परिभाषेत जाऊन बसले आहे, ही गोष्ट त्या स्थानकातून रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशांना ठाऊक असण्याचे काही कारण नाही. 'डेमलो संख्या' या नावाने ज्या संख्या आज गणितकोशांत व संख्यामालिकांच्या सूचींत नोंदविल्या जातात, त्यांचे नाव पूर्वीच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील, मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या डेमलो म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावरून पडले आहे. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना त्या ठिकाणी सुचली आणि त्यांनी स्थळाचेच नाव संख्यांना देऊन टाकले. गणितात सिद्धांतांना माणसांची नावे मिळतात. उपनगरी रेल्वे स्थानकाचे नाव मिळाल्याचे उदाहरण विरळा.

कापरेकर यांच्याविषयी जे लिहिले व बोलले जाते त्याचा सूर साधारणपणे दोन प्रकारचा आढळतो. एक सूर गौरवाचा आहे. देवळालीसारख्या ठिकाणी शाळामास्तरकी करणारा, पदव्युत्तर पदवी नसलेला हा मनुष्य अलौकिक प्रतिभेचा होता आणि समकालीनांनी त्याची उपेक्षा केली, असे या मताचे लोक सांगतात. दुसरा सूर उपेक्षेचा आहे. तो फारसा छापला जात नाही, परंतु विद्यापीठीय वर्तुळात तो दीर्घकाळ ऐकू येत असे. कापरेकर यांनी आकड्यांच्या गमती शोधल्या. गमतीला गणित म्हणता येत नाही, असे हे मत आहे. दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. कापरेकर यांच्या संख्या ज्या कारणाने तशा वागतात ते कारण दोन्ही पक्ष विचारीत नाहीत.

प्रस्तुत लेखात हे कारण शोधण्यासाठी एका साध्या शालेय सिद्धांताचा आधार घेतला आहे. तो म्हणजे बहुपदीला भागल्यानंतर उरणारी बाकी सांगणारा शेष सिद्धांत. कापरेकर यांच्या कार्यातील कोणता भाग या सिद्धांतावर उभा आहे आणि कोणता भाग केवळ दशमान पद्धतीच्या योगायोगावर अवलंबून आहे, हे पाहिल्यास त्यांचे ऐतिहासिक मूल्यमापन अधिक न्याय्य होते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

डहाणू, ठाणे, देवळाली

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू आज पालघर जिल्ह्यात मोडते. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. वडील कारकून असून त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आठव्या वर्षी मातृवियोग झाला. माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाल्यावर १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे हे पारितोषिक होते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२९ मध्ये बी.एस्सी. होऊन ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक झाले व १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवीत राहिले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्यामुळे उतारवयातही त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

चरित्राचा हा सांगाडा उपेक्षेच्या कथेला अनुकूल आहे यात शंका नाही. मात्र प्रकाशनांची नोंद पाहिली की चित्र थोडे बदलते. डेमलो संख्यांवरील त्यांचे टिपण १९३८ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आले. पाठोपाठ नोव्हेंबर १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला 'थिअरी ऑफ डेमलो नंबर्स' हा निबंध मुंबई विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. पुढे न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकानेही त्यांची टिपणे छापली. याखेरीज पुष्कळसे लेखन त्यांनी पदरमोड करून पुस्तिकारूपाने स्वतःच प्रसिद्ध केले. दारे सर्वस्वी बंद होती असे म्हणता येत नाही. आत गेल्यावर बसायला कोठे सांगितले गेले, हा खरा प्रश्न आहे.

शेष सिद्धांत आणि नवाचा ताळा

शेष सिद्धांत इतका लहान आहे की त्याची सिद्धता एका वाक्यात होते. क्ष या चलातील एखाद्या बहुपदीला (क्ष − अ) या एकघाती भाजकाने भागले, तर बाकी ही चल नसलेली एक संख्या असते. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, या समानतेत क्ष च्या जागी अ लिहिला की भाजक शून्य होतो आणि बाकी तेवढी शिल्लक राहते. म्हणजेच भागाकार न करताही बाकी मिळते. बहुपदीत क्ष च्या जागी अ घालून किंमत काढली की झाले. मूळ माहीत असल्यास समीकरणाला एकघाती पदाने भाग जातो ही गोष्ट देकार्त यांच्या १६३७ च्या भूमितीवरील ग्रंथात आली आहे. सहगुणक ओळीने मांडून भागाकार करण्याच्या ज्या रीतीला आपण संश्लेषक भागाकार पद्धती म्हणतो, तिच्याशी रुफिनी (१८०४) व हॉर्नर (१८१९) यांची नावे जोडली जातात.

युरोपातील बीजगणिताचा हा धागा आणि भारतीय अंकगणितातील एक जुना धागा यांची गाठ कोठे पडते, हे पाहणे महत्त्वाचे आहे. दशमान स्थानमूल्य पद्धतीत लिहिलेली प्रत्येक संख्या ही मुळात एक बहुपदीच आहे. एकं, दहं, शतं, सहस्र ही स्थाने म्हणजे दहाचे चढते घात होत. २०२५ म्हणजे दोन सहस्र, शून्य शतं, दोन दहं आणि पाच एकं. दहाच्या जागी क्ष लिहिला, तर (२, ०, २, ५) हे सहगुणक रूप असलेली त्रिघाती बहुपदी मिळते. तिला (क्ष − १) ने भागल्यास बाकी किती? शेष सिद्धांताप्रमाणे क्ष च्या जागी १ लिहावयाचा, म्हणजे सहगुणकांची बेरीज करावयाची : २ + ० + २ + ५ = ९. आणि क्ष जेव्हा दहा असतो तेव्हा (क्ष − १) म्हणजे नऊ. अंकांची बेरीज करून नवाने भाग जातो की नाही हे ठरविण्याची शाळकरी कसोटी म्हणजे शेष सिद्धांताचे एक उदाहरण ठरते. क्ष च्या जागी उणे १ लिहिला की अकराची कसोटी मिळते.

ही कसोटी भारतात देकार्त यांच्या कितीतरी आधीची आहे. दुसरा आर्यभट याच्या 'महासिद्धान्त' या दहाव्या शतकातील ग्रंथात गणित बरोबर आले की नाही हे नवाच्या बाकीवरून पाहण्याची रीत आहे. मराठीत या पडताळ्याला 'ताळा' असा नेमका शब्द आहे. 'ताळेबंद' हा हिशेबातील शब्द त्याच कुळातला. २३ × १११ = २५५३ या गुणाकाराचा नवाचा ताळा असा : २३ चे ५, १११ चे ३, पाच त्रिक पंधरा, पंधराचे ६; उत्तर २५५३, त्याची बेरीज १५, तिचेही ६. ताळा जुळला. अर्थात ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असे नाही. २५५३ ऐवजी चुकून ५२५३ लिहिले तरीही ताळा जुळतोच. कारण क्ष च्या जागी १ लिहिला की एकं आणि सहस्र यांतला भेद नाहीसा होतो. स्थान पुसून टाकणे हेच या बाकीचे बळ आणि हीच तिची मर्यादा. कापरेकर यांच्या संख्याविश्वात या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

डेमलो संख्यांची रचना

डेमलो संख्येचे तीन भाग असतात. डावा व उजवा भाग सारख्याच अंकसंख्येचे, आणि मधला भाग एकाच अंकाच्या पुनरावृत्तीने बनलेला. डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली की मधलाच अंक उमटतो. १६५ मध्ये १ व ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ व ३ मिळून ५, आणि तो मध्ये दोनदा. ४७७७३ मध्ये ४ व ३ मिळून ७, आणि तो मध्ये तीनदा. प्रथमदर्शनी हा आकड्यांचा खेळ वाटतो. परंतु १६५ = १५ × ११, २५५३ = २३ × १११ आणि ४७७७३ = ४३ × ११११ असे अवयव पाडून पाहिले की खेळाचा पडदा बाजूला होतो.

केवळ १ या अंकाने बनलेली संख्या म्हणजे ज्या बहुपदीचे सर्व सहगुणक १ आहेत तिची दहा या ठिकाणची किंमत. अशा बहुपदीला (अ क्ष + ब) ने गुणले, तर पहिला सहगुणक अ राहतो, शेवटचा ब राहतो आणि मधला प्रत्येक सहगुणक (अ + ब) होतो. ही (अ + ब) म्हणजे तरी काय? (अ क्ष + ब) ला (क्ष − १) ने भागल्यावर उरणारी बाकी! डेमलो संख्येच्या पोटात जो अंक पुन्हा पुन्हा येतो, तो अशा रीतीने तिच्या जनक बहुपदीची बाकी आहे. एकांच्या ओळीची लांबी वाढवीत गेले की तीच बाकी अधिकाधिक वेळा लिहिली जाते, एवढेच.

'वंडरफुल डेमलो' या विशेष नावाने कापरेकर यांनी ज्या संख्या वेगळ्या काढल्या, त्या म्हणजे एकांच्या ओळीचे वर्ग : १२१, १२३२१, १२३४३२१ इत्यादी. नऊ एकांच्या ओळीचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा होतो व त्याच्या अंकांची बेरीज ८१ म्हणजे नवाचा वर्ग येते. दहा एकांच्या ओळीपाशी मात्र नक्षी बिघडते. तो वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा आहे. त्यात चढत्या बाजूचा आठ गायब आहे, मध्ये दोन शून्ये आहेत, आणि अंकांची बेरीज १०० यावयाची ती ८२ येते. गमतीच्या पुस्तकांत येथे सहसा 'इत्यादी' लिहून थांबतात. वस्तुतः खरी गोष्ट येथून सुरू होते. बहुपदी म्हणून पाहिले तर काहीही बिघडलेले नाही. सहगुणक १ पासून १० पर्यंत चढतात व पुन्हा १ पर्यंत उतरतात, आणि त्यांची बेरीज १०० च आहे. बिघडते ते हातच्यामुळे. मधला सहगुणक १० असल्याने तेथे शून्य लिहून एक हातचा डावीकडे जातो. तेथील नऊचे दहा होतात, म्हणून पुन्हा शून्य व पुन्हा एक हातचा. मग आठाचे नऊ. प्रत्येक हातच्यामागे एका स्थानावरचे दहा जाऊन शेजारच्या स्थानावर एक येतो, म्हणजे अंकांची बेरीज नवाने घटते. हातचे दोन, म्हणून घट अठरा : १०० − १८ = ८२. बेरीज बदलली तरी नवाने भागल्यावरची बाकी, म्हणजे १, बदललेली नाही. बहुपदीचे गणित आणि संख्येचे गणित यांत फरक असतो तो सगळा या हातच्याचा, आणि त्या फरकातून जे सुरक्षित पार होते ते म्हणजे बाकी.

हार्डी यांचा आक्षेप

जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशा प्रकारच्या संख्यागुणांबद्दल कठोर मत दिले आहे. उलट लिहिलेल्या स्वतःच्याच रूपाने ज्यांना भाग जातो अशा चार अंकी संख्या दोनच, ८७१२ आणि ९८०१, हे उदाहरण देऊन अशा गोष्टी कोड्यांच्या सदरांत शोभतील, त्यात गणितज्ञाला आकर्षक असे काही नाही, असा त्यांचा आशय आहे. त्यांनी कापरेकर यांचा उल्लेख केलेला नाही. तरीही कापरेकर यांच्या प्रकारच्या कामावर पुढे जो शेरा मारला जाई तो मूलतः हार्डी यांचाच होता.

हार्डी यांच्या उदाहरणाची मात्र बहुपदीच्या अंगाने तपासणी करण्यासारखी आहे. ९८०१ = ९ × १०८९. आता १०८९ = ९ × १२१, आणि १२१ हा (क्ष + १) च्या वर्गाचा दहा या ठिकाणचा अवतार आहे. म्हणून १०८९ म्हणजे (क्ष + १) चा वर्ग गुणिले (क्ष − १). त्याला आणखी एकदा (क्ष − १) ने गुणले की (क्षवर्ग − १) चा वर्ग मिळतो, म्हणजे ९९ चा वर्ग ९८०१. या मांडणीत दहाचे काही वैशिष्ट्य नाही. आठ हा पाया घेऊन लिहिलेल्या १०६७ या संख्येला सातने गुणले तर त्याच पद्धतीत ७६०१ हे उत्तर येते. 'चार अंकी संख्या दोनच' हा भाग दशमान पद्धतीचा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु नवाने गुणल्यावर अंक उलट होतात या घटनेमागे एक नित्यसमानता उभी आहे. हार्डी यांनी ज्याला कोडे म्हणून बाजूला सारले, त्यातील निम्मा भाग तरी बीजगणित आहे. आक्षेप चूक नव्हता. तो फार घाईने सर्वांवर लागू केला गेला.

कापरेकर संख्या

आज कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत हीच गोष्ट अधिक ठसठशीतपणे दिसते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० + २५ = ५५; २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७; ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३.

येथे भाजक बदलतो. संख्येचे दोन-दोन अंकी तुकडे करून बेरीज करणे म्हणजे बहुपदीला (क्षवर्ग − १) ने भागून बाकी काढणे होय, कारण या भागाकारात क्षवर्गाच्या जागी सर्वत्र १ लिहिला तरी चालतो. (२, ०, २, ५) या बहुपदीला (क्षवर्ग − १) ने भागले, तर भागाकार २क्ष येतो आणि बाकी ४क्ष + ५ उरते. क्ष च्या जागी दहा घातला की ती बाकी ४५. ज्या संख्येच्या वर्गापासून आरंभ केला तीच संख्या बाकीच्या रूपाने परत आली. ७०३ च्या बाबतीत भाजक (क्षघन − १) घ्यावा लागतो. बाकीचे सहगुणक (६, ९, १३) येतात आणि शेवटच्या तेराचा हातचा धरल्यावर ७०३ तयार होते.

या निरीक्षणाची पुढची पायरी अशी. संख्येचा वर्ग आणि ती संख्या यांची ९९ ने भागल्यावरची बाकी सारखी असेल, तर संख्या व तिच्याहून एकाने लहान संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने भाग जावयास हवा. या दोन लगतच्या संख्यांना समाईक अवयव नसतो. म्हणून ९९ चे ९ आणि ११ हे सहमूळ अवयव त्या दोघींत वाटले जातात. ४५ ला ९ ने भाग जातो व ४४ ला ११ ने. ५५ ला ११ ने भाग जातो व ५४ ला ९ ने. वाटणी उलटसुलट झाली म्हणून ४५ + ५५ = १००. ९९९ चे सहमूळ अवयव २७ व ३७. २९७ हा २७ चा पाढा आणि २९६ हा ३७ चा. ७०३ हा ३७ चा आणि ७०२ हा २७ चा. बेरीज पुन्हा १०००. डग्लस इयानुची यांनी २००० साली 'जर्नल ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस' मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कापरेकर संख्या आणि दहाच्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांचे असे सहमूळ विभाजक यांच्यात एकास एक संगती असल्याचे सिद्ध केले. त्यामुळे या संख्या चाचपडत शोधण्याची गरज उरली नाही; अवयव पाडले की त्या हाती येतात. आणि दहाऐवजी कोणताही पाया घेतला तरी युक्तिवाद तोच राहतो.

कापरेकर यांच्या आवर्ती दशांशांवरील आस्थेचा संबंधही येथेच लागतो. १/७ चे आवर्ती दशांश १४२८५७ हे आहेत, आणि १४२८५७ = ९९९९९९ ÷ ७. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९, तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज १४२८५७. सातने भागताना ओळीने येणाऱ्या १, ३, २, ६, ४, ५ या बाक्या ज्याने विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घेतल्या आहेत, त्याला ही संख्या अपरिचित नसते. पण ती कापरेकर संख्याही आहे हे सहसा सांगितले जात नाही.

स्वयंभू संख्या

एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्माला येते : १९५५ मध्ये १ + ९ + ५ + ५ = २० मिळविले की १९७५. जिला अशी कोणतीही जनक संख्या नाही तिला कापरेकर यांनी स्वयंभू म्हटले. २०, ३१, ४२ या स्वयंभू संख्या होत. देवळाली संख्या असेही त्यांचे एक नाव रूढ आहे; म्हणजे डोंबिवलीप्रमाणेच देवळालीलाही गणिताच्या नकाशावर जागा मिळाली.

दिलेली संख्या स्वयंभू आहे की नाही हे ओळखण्याची कापरेकर यांची रीत विशेष लक्षणीय आहे. संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करीत जावे. तो अंक सम असल्यास त्याची निमपट घ्यावी. विषम असल्यास त्यात नऊ मिळवून निमपट घ्यावी. आलेला अंक मूळ संख्येतून वजा करून उरलेली संख्या जनक आहे का ते पाहावे. नसल्यास नऊ-नऊ वजा करीत संख्येत जितके अंक तितक्या पायऱ्या तपासाव्यात. १९७५ चा अंक ४, निमपट २. म्हणून १९७३, १९६४, १९५५ असे उतरत गेल्यावर तिसऱ्या पायरीला जनक सापडतो. २० चा अंक २, निमपट १. १९ आणि १० दोन्ही तपासून जनक मिळत नाही, म्हणून वीस स्वयंभू.

ही रीत शेष सिद्धांताची कसलेली जाण दाखविते. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची नवाने भागल्यावरची बाकी सारखी असल्याने, जन्मलेल्या संख्येची बाकी ही जनकाच्या बाकीच्या दुप्पट असते. दुप्पट माहीत असताना मूळ काढावयाचे तर नवाच्या हिशेबात दोनाने भाग द्यावयास हवा. 'विषम असल्यास नऊ मिळवून निमपट' ही कृती म्हणजे तोच भागाकार आहे. नऊ विषम असल्यामुळेच तो शक्य होतो. विषम पाया असलेल्या अंकपद्धतीत नवाची जागा सम संख्या घेते. तेथे जन्मलेली प्रत्येक संख्या सम असते आणि झाडून सगळ्या विषम संख्या स्वयंभू ठरतात. कापरेकर यांनी बहुपदी वा वलय यांच्या भाषेत हे मांडले नाही. परंतु ज्याला केवळ गमतीत रस आहे तो जनक शोधण्यासाठी लहान संख्यांची यादी करीत बसला असता. नवाच्या बाकीला दोनाने भागण्याची युक्ती त्याला सुचली नसती.

६१७४ : योगायोगाची बाजू

कापरेकर यांचे नाव सर्वाधिक ज्या शोधामुळे परिचित आहे तो मात्र निराळ्या जातीचा आहे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी आणि हीच कृती उत्तरावर पुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते व तेथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' मध्ये त्यावर टिपण लिहिले.

यातील काही भाग बाकीच्या सिद्धांतातून मिळतो. उतरत्या क्रमातील पहिल्या व शेवटच्या अंकांतील अंतर एक आणि मधल्या दोन अंकांतील अंतर दुसरे. वजाबाकी ही पहिल्या अंतराच्या ९९९ पट व दुसऱ्याच्या ९० पट मिळून होते. क्ष मध्ये लिहिल्यास ही दोन्ही पदे (क्ष − १) ने निःशेष भागली जातात. म्हणून पहिल्या पायरीपासून प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो. शिवाय दुसरे अंतर पहिल्यापेक्षा मोठे असू शकत नाही, त्यामुळे एकूण ५४ च वेगवेगळी उत्तरे संभवतात. हजारो संख्यांचा पसारा पहिल्याच वजाबाकीत चोपन्नांवर येतो. ६१७४ मध्ये ही अंतरे ६ आणि २ आहेत : ५९९४ + १८० = ६१७४.

परंतु ही चोपन्न उत्तरे शेवटी एकाच ठिकाणी का जमतात, याचे उत्तर बाकी देत नाही. तीन अंकी संख्या ४९५ वर जमतात. दोन अंकी मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांनाही एक मुक्काम नाही. त्यांतील एक फेरा ५३९५५ आणि ५९९९४ या दोहोंतच घुटमळतो. सहा अंकी संख्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत. अंकांची संख्या अथवा पाया बदलला की निकाल बदलतो. ६१७४ चे स्थैर्य तपासून पाहावे लागते. हार्डी यांचा शेरा कापरेकर यांच्या कार्यातील कशाला लागू पडत असेल, तर तो त्यांच्या सर्वाधिक लोकप्रिय शोधाला. डेमलो संख्या, कापरेकर संख्या आणि स्वयंभू संख्येची कसोटी यांना तो लागू पडत नाही. आणि लोकप्रिय लेखनात यांना ६१७४ च्या मागे उभे केले जाते, हा क्रम उलटा आहे.

मान्यतेचा मार्ग

मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात कापरेकर यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि सत्तरीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. मान्यता मिळाली ती मनोरंजक गणिताच्या सदरातून, आणि त्यामुळे 'मनोरंजक' हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले. अंकांच्या बेरजेने ज्यांना भाग जातो अशा संख्यांना कापरेकर यांनी 'हर्षद' असे संस्कृत नाव दिले होते. पुढे इंग्रजीत त्यांच्यासाठी 'निव्हेन नंबर्स' हे नावही प्रचारात आले. नावाच्या बाबतीत डेमलो अधिक भाग्यवान ठरले.

१९३९ च्या निबंधाच्या शीर्षकात गुंजीकर आणि कापरेकर यांनी 'थिअरी' हा शब्द योजला होता. एका शाळाशिक्षकाने सहलेखकासह विद्यापीठाच्या पत्रिकेत हा शब्द लिहावा, यात काही दावा होता. त्या दाव्याकडे पुढील चरित्रपर लेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता नववीच्या २०१७ च्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात बहुपदींचे सहगुणक रूप, संश्लेषक भागाकार, शेष सिद्धांत व अवयव सिद्धांत एकाच प्रकरणात आलेले आहेत. डोंबिवलीच्या शाळांतून ते प्रकरण शिकविताना (२, ०, २, ५) ला (क्षवर्ग − १) ने भागण्याचे उदाहरण सहज घेता येण्यासारखे आहे. भाजक द्विघाती असल्यामुळे तेथे नेहमीची संश्लेषक पद्धती चालत नाही. क्षवर्गाच्या जागी एक लिहावा लागतो. मग घनाचे दोन क्ष मध्ये मिसळतात, शंभराच्या स्थानावरचे शून्य पाचाला येऊन मिळते आणि बाकी ४क्ष + ५ उरते.